हंसाबेन मेहतांच्या कागदांतून

घटना समितीच्या कामकाजाच्या छापील खंडांत 19 डिसेंबर 1946 च्या तारखेखाली हंसा मेहता यांचे एक छोटेसे भाषण आहे. ध्येयांच्या ठरावाला पाठिंबा देताना त्या सांगतात की, त्यांच्या स्त्री-संघटनेने राखीव जागा, कोटा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधीच मागितले नाहीत. मागितला तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. ही संघटना म्हणजे अखिल भारतीय महिला परिषद. तिच्या हैदराबाद अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि स्त्रियांच्या हक्कांची व कर्तव्यांची परिषदेची सनदही त्याच सुमाराची.

या भाषणाशेजारी दुसरी नोंद ठेवली की वाचणारा थबकतो. 1946 ते 1948 या काळात हंसाबेन मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 मध्ये जपानच्या महिला विद्यापीठावरून स्फूर्ती घेऊन हे विद्यापीठ काढले, ते स्त्रियांचे शिक्षण वेगळे असावे या भूमिकेतून. शिक्षण मातृभाषेतून आणि अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्राला मानाचे स्थान. मतदारसंघ वेगळा नको म्हणणारी बाई वेगळ्या विद्यापीठाची कुलगुरू कशी? हंसाबेनचे चरित्र थोडक्यात सांगणारे लेख पदांची यादी देऊन पुढे सरकतात. मला हा प्रश्न त्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

जिनिव्हात डिसेंबर 1947 मध्ये भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या बैठकांचे इतिवृत्तही उपलब्ध आहे. ते शब्दशः नाही, सारांशरूपाने लिहिलेले आहे, हे वाचताना विसरून चालत नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातल्या ‘सर्व पुरुष’ आणि ‘भावांप्रमाणे’ या दोन्ही शब्दप्रयोगांना भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन यांनी हरकत घेतली, अशी त्यात नोंद आहे. या शब्दांत सगळी माणसे येतातच, असे अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांचे उत्तर. पुढे 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये संमत झालेल्या जाहीरनाम्यात ‘सर्व मानव’ आले, बंधुभाव मात्र राहिला. एका बाईने एका बैठकीत जगाचा मसुदा बदलला, ही कथा ऐकायला छान आहे. पण स्त्रियांच्या दर्जाविषयीचा स्वतंत्र आयोगही याच बदलासाठी आग्रह धरत होता. श्रेय वाटून दिले तरी हंसाबेनच्या वाट्याला पुरेसे उरते.

बडोद्याचे कागद यापेक्षा बोलके आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा कायदा हा बडोदा संस्थानाचा 1949 सालचा सतरावा कायदा. विद्यापीठाचे उद्घाटन 30 एप्रिलला झाले आणि दुसऱ्याच दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जाता जाता संस्थानाने मागे ठेवलेली ही संस्था हंसाबेनच्या हाती आली. मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या त्या देशातल्या पहिल्या महिला कुलगुरू. वडील मनुभाई मेहता एकेकाळी बडोद्याचे दिवाण, पती डॉ. जीवराज मेहता 1948 मध्ये त्याच गादीचे दिवाण. तेव्हा घरच्या वजनाने खुर्ची मिळाली, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच वावगी म्हणता येणार नाही. मात्र तोवर त्यांच्या नावापुढे 1930 च्या सत्याग्रहातला तुरुंगवास, मुंबईच्या विधिमंडळातले काम आणि घटना समिती जमा झाली होती. ज्यातून हे विद्यापीठ उभे राहिले ते बडोद्याचे कॉलेज जेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, तेव्हा, 1918 मध्ये, त्या तिथूनच तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या होत्या.

1958 पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत ललित कला, समाजकार्य आणि गृहविज्ञान या विद्याशाखा उभ्या राहिल्या. चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांमुळे ललित कला शाखेचे नाव आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. माझे लक्ष जाते ते गृहविज्ञानाकडे. समतेचा एवढा आग्रह धरणारी बाई मुलींना पुन्हा स्वयंपाकघरातच कशी नेते, असे आज कोणीही विचारील.

त्याचे उत्तर मला त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1962 च्या समितीच्या अहवालात दिसते. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, एवढाच समितीपुढचा विषय होता. त्याआधी दुर्गाबाई देशमुख समितीने प्राथमिक इयत्तांत अभ्यासक्रम एकच असावा, पुढे काही फरक चालेल, अशी भूमिका घेतली होती. हंसाबेनच्या समितीने फरकाचे मूळच नाकारले: लोकशाही आणि समाजवादी समाजरचनेत शिक्षणाचा संबंध कुवत, कल आणि आवड यांच्याशी असेल, आणि त्या काही मुलगा-मुलगी पाहून ठरत नाहीत. माध्यमिकच्या अलीकडच्या इयत्तांत गृहशास्त्राचा साधा अभ्यासक्रम ठेवावा, पण तो मुलांनाही असावा, अशी शिफारस आहे. म्हणजे विषय काढून टाकायचा नाही, त्यावरची बायकांची मक्तेदारी मोडायची.

त्याच अहवालात एक सावध कलमही आहे. समाज बदलेपर्यंतच्या संक्रमणकाळात स्त्री-पुरुषांच्या कामांतले फरक वस्तुस्थिती म्हणून मान्य करावे लागतील, पण अभ्यासक्रमाने ते पक्के करू नयेत, अशा अर्थाचे. महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि बडोद्याचे गृहविज्ञान मी या कलमाच्या आधारे वाचतो. कोठारी आयोगाने 1966 मध्ये या समितीचे म्हणणे उचलून धरले. बडोद्याच्या गृहविज्ञानाच्या वर्गांत किती मुलगे बसले, हा हिशेब मात्र वेगळा मांडायला हवा.