सत्तेचाळीस मजले, सात सेकंद

पानिपताच्या रणावर त्या दिवशी नेमके काय घडले, हे आपण बखरींतून आणि पत्रांतून जुळवीत बसतो. कारण तेथे कोणी कॅमेरा लावून बसले नव्हते. विसाव्या शतकाने माणसाच्या हाती चलच्चित्र दिले, तेव्हा वाटले की आता इतिहासातले निम्मे वाद मिटले. घडले ते पडद्यावर पाहावे, की झाले! पण एकविसावे शतक उजाडते न उजाडते तोच न्यूयॉर्क शहराने या भाबड्या समजुतीची चांगलीच परीक्षा घेतली.

११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे विमानांच्या आघाताने कोसळले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी शेजारची तिसरी एक उंच इमारत पडली, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहिलेले नाही. हिला सात क्रमांकाची इमारत म्हणत. १९८७ साली पुरी झालेली, ४७ मजल्यांची, सुमारे १८६ मीटर उंच. तिला विमान लागलेच नव्हते. सकाळी १० वाजून २८ मिनिटांनी उत्तरेकडील मनोरा ढासळला, त्याचे अवशेष हिच्या अंगावर आले आणि निदान दहा मजल्यांवर आगी लागल्या. रस्त्याखालचे पाण्याचे नळ फुटलेले. त्यामुळे खालच्या मजल्यांवरचे आग विझविणारे फवारे कोरडे पडले. बंबवाल्यांचे शेकडो सोबती सकाळीच गेले होते. इमारतीची एक बाजू फुगलेली दिसू लागली, आतून करकर ऐकू येऊ लागली, तेव्हा अधिकाऱ्यांनी दुपारी माणसे मागे घेतली. या निर्णयाने किती घरचे दिवे वाचले कोण जाणे! ही इमारत पडली तेव्हा एकही माणूस दगावला नाही.

आता चित्राकडे वळू. या पडझडीचा जो तुकडा पुष्कळदा दाखविला जातो, त्यात इमारत नाटकाचा पडदा खाली सोडावा तशी सरळ, सबंध खाली बसते. सुरुंग लावून जुन्या इमारती पाडतात, हुबेहूब तशी. पाहणाऱ्याला शंका आली तर त्याला वेडा ठरविण्याचे कारण नाही. केवळ आगीमुळे एवढी उंच पोलादी इमारत पडल्याचे उदाहरण तोवर माहीत नव्हते.

परंतु तो तुकडा पुरा नाही. त्याच्या आधीचे सात सेकंद पाहिले की गोष्ट पालटते. गच्चीवर पूर्वेच्या अंगाला यंत्रांची एक खोली होती. ती प्रथम खचते आणि इमारतीच्या पोटात नाहीशी होते. तिच्या खालच्या खिडक्यांच्या काचा फुटतात. दर्शनी भिंत अजून जागच्या जागी उभी असते. म्हणजे जे एकदम घडले असे वाटते, ते आत केव्हाच सुरू झाले होते. डोळ्यांना दिसले ते नुसते टरफल!

अमेरिकेच्या सरकारी मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००८ साली याची संगती लावली. आपल्या खेड्यातला लोहार गाडीच्या चाकावर धाव चढवितो, तेव्हा ती आधी तापवितो. तापली की ती फुगते आणि चाकावर बसते. तोच गुण येथे घातक ठरला. तेराव्या मजल्याच्या तुळया तापून लांबल्या आणि त्यांनी एका मोठ्या तुळईला तिच्या बैठकीवरून ढकलून दिले. मजले एकावर एक कोसळत पाचव्यापर्यंत गेले, आणि ७९ क्रमांकाचा खांब नऊ मजल्यांच्या उंचीपर्यंत निराधार होऊन वाकला. गच्चीवरची खोली खचली ती त्याच्यामुळे.

पण येथेच एक मोठी मौजेची गोष्ट घडली. ऑगस्ट २००८ मधील मसुद्यात संस्थेने म्हटले होते की, वरचे अठरा मजले दृष्टीआड व्हावयास ५.४ सेकंद लागले. मोकळ्या पडणाऱ्या दगडाला ३.९ पुरे झाले असते. सबब हे मुक्त पतन नव्हे. पदार्थविज्ञानाच्या एका शिक्षकांनी चित्रफितीतली एकेक चौकट मोजून जाहीर सभेत आक्षेप घेतला, की ही सरासरी फसवी आहे. मधला काही काळ इमारत अगदी दगडासारखीच पडते. नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात संस्थेला ते मान्य करावे लागले: २.२५ सेकंद, सुमारे आठ मजले, मुक्त पतन. एका मास्तरांच्या मोजपट्टीपुढे सरकारी खाते नमले, हे मला फार आवडते.

मात्र त्यावरून मास्तरांनी सुरुंगाचा जो निष्कर्ष काढला, तो पटत नाही. मुक्त पतनाने एवढेच सिद्ध होते, की त्या सव्वादोन सेकंदांत खालून विरोध जवळजवळ नव्हता. आतला सांगाडा आधीच गेलेला आणि बाहेरचे खांब आठ मजल्यांच्या उंचीत मोडलेले, मग विरोध करावयाचा कोणी? शिवाय चित्राला ध्वनीही असतो. तसा खांब उडविण्यास लागणाऱ्या लहानात लहान स्फोटाचाही धडाका अर्ध्या मैलावर कान फाडणारा झाला असता. ध्वनिमुद्रणांत तो कोठेच नाही. लंडनच्या एका दूरचित्रवाणीने इमारत पडल्याची बातमी सुमारे वीस मिनिटे आधीच दिली, आणि निवेदिकेच्या मागे ती उभी दिसत होती, यावरही पुष्कळ काहूर उठले. पण ती पडणार हे बंबवाले दुपारपासून सांगत होते. बातमी अफवेच्या पायांनी पुढे धावली, इतकेच.

एक उणीव मात्र राहिली. अवशेष लवकर हलविले गेले, आणि या इमारतीचे म्हणून ओळखता येईल असे पोलाद तपासणाऱ्यांच्या हाती आले नाही. आतले सारे चित्र संगणकावरच्या गणिताचे आहे, आणि त्या गणितातली बाहेरची भिंत चित्रफितीतल्याहून अधिक चुरगळते. शंकेखोर अजून त्यावर बोट ठेवतात, आणि तो बिनतोड नसला तरी रास्त प्रश्न आहे.

१९ जानेवारी २०१७ रोजी तेहरान शहरातील १९६२ सालची सतरा मजली प्लास्को इमारत आग लागून काही तासांत खाली आली. कॅमेरे त्या वेळीही चालू होते. तेथे बंबवाले आतच होते.