पाळणा आणि पाटी

महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहितांना शाळा कोणीं काढली, विरोध कोणीं केला, पहिली पदवी कोणास मिळाली, याचा तपशील आवर्जून दिला जातो. एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाहीं. शिकणारी मुलगी आई झालेली असेल, तर ती धडा गिरवीत असतां तिचें मूल कोणीं सांभाळलें? परभणी जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर हा प्रश्न अद्याप जुना झालेला नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत (२०१९–२१) या जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४८ जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें आढळलें. सबंध राज्याचें प्रमाण शेंकडा २२ च्या आसपास होतें.

प्रथम डॉ. आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण घेऊं. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं मातृत्व, आणि दहा दिवसांत मुलाचा अंत. १८८६ सालीं फिलाडेल्फियास त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली. त्यांच्या निश्चयाचें मूळ या दुःखांत शोधतात, तें योग्यच आहे. परंतु तें मूल जगतें, तर त्या कोवळ्या आईस समुद्रापार कोणीं जाऊं दिलें असतें?

दुसरें उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचें. लहान मुलगा पदरीं असतां त्यांना वैधव्य आलें. बहीण बाया कर्वे यांच्या घरीं त्यांना आसरा मिळाला. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत त्या पुढें अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांच्या कर्तृत्वास आम्ही उणेपणा आणीत नाहीं. परंतु पाठीशीं बहिणीचें घर होतें, हें विसरतां कामा नये.

ज्यांना अशी बहीण नव्हती, त्यांचा विचार जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं केला. १८४८ सालीं मुलींची शाळा काढणाऱ्या या दांपत्यानें १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. फसलेल्या विधवेनें गुप्तपणें यावें, सुखरूप बाळंत व्हावें, आणि मूल न्यावें किंवा ठेवून जावें, अशी त्याची रीत होती. १८८४ पर्यंत सुमारें ३५ विधवांनीं त्याचा आश्रय घेतला. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत. त्याला या निपुत्रिक दांपत्यानें दत्तक घेतलें व तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत त्याच्या दवाखान्यासाठीं रोगी आणतां आणतां सावित्रीबाईंचा अंत झाला. गृहाचा हेतु प्राण वाचविण्याचा होता. आईनें मूल जवळ ठेवून शिकावें, ही पायरी पुढची होती. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें निघालेल्या पुणें सेवासदनानें प्रौढ व विवाहित स्त्रियांसाठीं घरकामानंतरचे दुपारचे वर्ग चालवून त्या दिशेनें एक पाऊल टाकलें. स्त्रीनें शाळेच्या वेळेप्रमाणें वागण्याऐवजीं शाळाच तिच्या वेळेप्रमाणें वागली.

हें सारें पुण्याचें झालें. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होती. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. परंतु जुन्या रूढीवर सारा दोष टाकून भागत नाहीं. कोरडवाहू गांवांतील आईबाप ऊसतोडीस सहा सहा महिने बाहेर जातात; वयांत आलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही त्यांची विवंचना असते. तोडणीच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. मुकादमाची उचल त्यावर ठरते. लग्नाची घाई अशा हिशेबांतूनही होते.

शिवाय लपविणें संपलें नाहीं. पूर्वींची विधवा गरोदरपण लपवी, आजची मुलगी वय लपविते. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें अल्पवयीन गरोदर मुलीची खबर पोलिसांस देणें डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कायदा तिच्या रक्षणासाठींच आहे, आणि तो हवाच. पण त्याच्या धाकानें घरचीं माणसें तिला दवाखान्यापासून दूर ठेवतात, तेव्हां ती दोन्हीकडून उघडी पडते.

तिच्यासाठीं दारें नाहींत, असें नव्हे. सतरा नंबरचा अर्ज भरून शाळेंत न जातां दहावीस बसतां येतें. अंगणवाडींत गरोदर व स्तनदा मातांस आहार मिळतो. मूल तीन वर्षांचें झालें म्हणजे त्यालाही तेथें बसवितां येतें. परंतु त्याआधींचीं तीन वर्षें दिवसा मूल घ्यावयास कोणी नाहीं; नेमक्या त्याच वर्षांत हातांतलें पुस्तक सुटतें तें कायमचें.

आमची सूचना नवी नाहीं. फुल्यांच्या घरीं निर्भयता होती, सेवासदनांत वेळेची सोय होती, बाया कर्व्यांच्या घरीं मुलास मांडी होती. हीं तिन्ही गांवच्या शाळेलगतच्या एका खोलींत एकत्र आणावयाचीं आहेत. पाटी देणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. पाळण्याची दोरी धरणारी एक बाई शाळेनें पगार देऊन नेमावी, इतकेंच आमचें मागणें आहे.