जखिणीचा चेहरा

फैजपूरला 27 आणि 28 डिसेंबर 1936 रोजी काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस आले आणि बांबूसारख्या इथल्याच साध्या वस्तूंनी त्यांनी अधिवेशनाची जागा, टिळकनगर, सजवली. पण या मुलखाशी त्यांची ओळख त्याआधीची. 1909च्या हिवाळ्यात ते तापीच्या दक्षिणेला, अजिंठ्यात, लेडी हेरिंगहॅम यांच्या तुकडीत भित्तिचित्रांच्या नकला करायला आले होते. भुरळ घालणाऱ्या राक्षसींचं थोर चित्र त्याच लेण्यांत आहे.

सतराव्या लेण्यात, उजव्या भिंतीवर. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात ते रंगवलं गेलं. गोष्ट सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची. गलबत फुटतं, तो आणि त्याचे पाचशे सोबती ताम्रद्वीपाच्या किनाऱ्याला लागतात. तिथल्या सुंदर बायका त्यांना घरी नेतात, खाऊपिऊ घालतात. त्या राक्षसी असतात. उडता घोडा सिंहलाला सोडवतो. सोबत्यांपैकी मागे वळून पाहणारे खाली पडतात आणि खाल्ले जातात.

आता चित्रकाराची अडचण पाहा. बाई सुंदर दिसली नाही तर व्यापारी फसले कसे? आणि नुसतीच सुंदर दिसली तर राक्षसी कळायची कशी? त्याने दोन्ही रूपं काढली, पण एकमेकांत मिसळली नाहीत. तंबूत व्यापाऱ्यांशेजारी बसलेल्या बायकांना सुळा नाही, नख नाही, डोळ्यांत कपट नाही. लेण्यातल्या राण्यांना जी हळुवार तांबूस रेषा, तीच यांना. त्याच भिंतीवर पुढे मोकळे केस, लोंबते स्तन, बाहेर आलेले दात, रक्त पिणारी तोंडं. भुसा-तंतू कालवलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर, आणि त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी. रंग तेच, बाई तीच.

ते सौंदर्य चित्रकाराला नव्याने शोधावं लागलं नाही. भारहूत आणि सांचीच्या शिल्पांत झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या यक्षी त्याच्या कितीतरी आधीच्या. यक्षी समृद्धीची देवता होती, लोक तिला पूजत. पाली जातकात मात्र व्यापाऱ्यांना खाणाऱ्या याच बायकांना ‘यक्खिनी’ म्हटलंय. संस्कृतात यक्षिणी, प्राकृतात जक्खिणी, मराठीत जखीण. देवता शब्दाबरोबर उतरत उतरत शिवी झाली, याचं मला वाईट वाटतं.

आपल्या गावगोष्टींतली हडळ उलट्या पावलांनी येते, म्हणजे ओळखू येते. अजिंठ्याच्या चित्रकाराने तंबूतल्या बायकांवर तशी खूण ठेवली नाही. माझ्या मते त्याचं मोठेपण यातच आहे, कारण खूण दिसली असती तर व्यापाऱ्यांबरोबर आपणही फसलो नसतो.

सतराव्या लेण्यात गेलात तर उजव्या भिंतीपाशी घाई करू नका. आधी तंबूतल्या बायकांकडे नीट पाहा, दात नंतर शोधा.