अदलाबदल

२८ मार्च २०२५ ला मंडालेत मोठा भूकंप झाला. टीव्हीवर किल्ल्याचा पडलेला तट दाखवत होते. हे एकदम म्हणाले, "अगं, याच्यासमोर बसून आपण डबा खाल्ला होता!" तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते.

आपल्याकडे येणारी बरीचशी तूर आणि उडीद ब्रह्मदेशातून येते. निवृत्तीनंतर यांना तिथल्या एका कडधान्य व्यापाऱ्याकडे मालाची प्रत तपासायचं काम मिळालं आणि २०१३ मध्ये आम्ही दोघं मंडालेला जाऊन राहिलो. रविवारी यांना सुट्टी. सकाळी पोळी-भाजीचा डबा घ्यायचा आणि निघायचं. अमरापुऱ्याचा सव्वा किलोमीटर लांबीचा सागवानी पूल पाहिला, इरावतीतून बोटीने जाऊन मिंगुनची नव्वद टनांची घंटा पाहिली. पण पहिला रविवार कुठे घालवायचा, हे रत्नागिरीहून निघतानाच ठरलं होतं. टिळकांचा तुरुंग!

मी रत्नागिरीची. टिळकांचा जन्म इथलाच, १८५६ चा. मंडालेतली सहा वर्षं मी वर्गात किती वेळा शिकवली असेन! १९०८ ची शिक्षा, पेन्सिलीने लिहिलेलं गीतारहस्य, १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्याचं तुरुंगातच कळणं. इथे आलं की वर्ग आपोआप शांत व्हायचा.

तो तुरुंग किल्ल्याच्या आत होता. किल्ला चौरस, एकेक बाजू दोन किलोमीटरची, भोवती पाण्याने भरलेला खंदक. परदेशी माणसाला फक्त पूर्वेच्या दरवाजाने आत सोडत, तेही राजवाड्यापुरतं. बाकी सगळा भाग लष्कराकडे. यांनी पहारेकऱ्याला खुणा करून, "टिळक, टिळक" म्हणून पाहिलं. तो हसला आणि मान हलवली. राजवाडाही नंतर बांधलेला. मूळचा १९४५ च्या मार्चमध्ये, युद्धात जळाला. आम्ही हिरमुसून खंदकाकाठी बसलो. उठताना यांनी चिमूटभर माती कागदात बांधून घेतली.

पुढच्या रविवारी श्वेनांडो मठ पाहिला. संपूर्ण लाकडी, इंच न् इंच कोरीव. ही मुळात राजवाड्यातलीच इमारत. मिंडान राजा १८७८ मध्ये हिच्यात वारला म्हणून त्याच्या मुलाने ती उतरवून तटाबाहेर नेली आणि मठाला दिली. म्हणूनच १९४५ च्या आगीतून ती वाचली. तो मुलगा म्हणजे आपला थिबा राजा.

मठात एक वयस्क बाई दर्शनाला आल्या होत्या. आमचा गाडीवाला भारतीय वंशाचा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. आम्ही रत्नागिरीचे, हे त्याने त्यांना सांगितलं. बाईंनी माझा हात धरला आणि काहीतरी विचारलं. गाडीवाला म्हणाला, "पूछती हैं, हमारे राजा की कबर ठीक है ना?"

मला उत्तर देता येईना. थिबा राजवाड्यात मी शाळेच्या सहली नेल्या होत्या, थिबा पॉइंटवर भेळ खाल्ली होती. कबरीवर मात्र सगळा जन्म रत्नागिरीत काढून एकदाही गेले नव्हते. मी नुसतीच मान डोलावली. मुलांना कायम खरं बोला म्हणून सांगणारी मी!

त्या रात्री वहीत दोन रकाने आखले. थिबा मंडालेचा, जन्म १८५९. इंग्रजांनी २९ नोव्हेंबर १८८५ ला त्याला पदच्युत करून बोटीत बसवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. टिळक रत्नागिरीचे, त्यांना नेलं मंडालेला. म्हणजे १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं हे दोघे एकाच वेळी एकमेकांच्या गावात कैदी होते! १९१० मध्ये थिबासाठी रत्नागिरीचा राजवाडा बांधून झाला. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात टिळक गीतारहस्य लिहायला बसले. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचं, हा इंग्रजांचा हिशेब दोन्हीकडे एकच. टिळक १९१४ मध्ये सुटून घरी आले. थिबाला ते मिळालं नाही. तीस वर्षं समुद्राकडे बघत १९१६ च्या डिसेंबरमध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याची नात टूटू मराठी बोलत, मराठी संसार करत २००० सालापर्यंत आपल्यातच राहिली.

हे दोन्ही रकाने मला माहीत होते. पण एक धडा म्हणून शिकवला आणि दुसरा सहल म्हणून दाखवला. शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलेच नाहीत.

२०१५ मध्ये परत आलो. पहिल्याच आठवड्यात रिक्षा करून कबरीवर गेलो. तिथे थिबाच्या शेजारी त्याची धाकटी राणीही आहे. फुलं वाहिली. यांनी खिशातून ती कागदाची पुडी काढली. टिळकांच्या जन्मस्थानासाठी म्हणून जपून आणलेली माती. अर्धी तिथे ठेवली, अर्धी टिळक आळीत नेली.

मंडालेच्या त्या बाई भूकंपात सुखरूप असतील ना, असं मनात येत राहतं. त्यांना आता खरं उत्तर देता आलं असतं.

असो. रत्नागिरीला याल तेव्हा थिबा पॉइंटवरचा सूर्यास्त बघाच. पण त्याआधी कबरीवर जाऊन या. आमच्याकडे उतरलात तर मी बरोबर येईन.