निष्कपट प्रीती (ख्रिस्ती नीती)
नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात (ओव्या ९–२१) मांडलेली, प्रीती, आतिथ्य व शत्रूशी वर्तन यांविषयीची ख्रिस्ती शिकवण. प्रेषित पौलाने हे पत्र सु. इ. स. ५७ मध्ये करिंथ येथून रोममधील यहुदी व यहुदीतर अशा मिश्र ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला लिहिले. त्याचे पहिले अकरा अध्याय मुख्यतः देवाच्या कृपेचे विवेचन करतात, तर बाराव्यापासून त्या कृपेला साजेसे आचरण सांगितले आहे.

ज्या प्रीतीत ढोंग नाही, ती वाइटाचा वीट मानते, इतरांना स्वतःपेक्षा अधिक मान देते आणि त्यांच्या सुखदुःखांत सहभागी होते. आरंभीच्या मंडळ्या सभासदांच्या घरी भरत व प्रवासी उपदेशक अशा घरांवरच अवलंबून असत. त्यामुळे आतिथ्य हे केवळ सौजन्य न राहता धर्मकर्तव्य ठरले. याच पत्राच्या अखेरीस पौल फिबी या ख्रिस्ती भगिनीचे स्वागत करण्यास सांगतो आणि आपला यजमान गायस याचा उल्लेख करतो.

छळणाऱ्यालाही आशीर्वाद देण्याची आज्ञा येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी जुळते. सूड देवावर सोपवून भुकेल्या शत्रूला अन्न द्यावे, हा विचार जुन्या करारातील अनुवाद व नीतिसूत्रे या ग्रंथांच्या आधारे मांडला आहे. असे केल्याने शत्रूच्या मस्तकावर निखारे रचले जातात, ही तेथील प्रतिमा संत ऑगस्टीनने पश्चात्तापाचा दाह अशी उलगडली. अशा रीतीने बऱ्याने वाइटाला जिंकणे म्हणजे अन्यायापुढे नमणे नव्हे, तर त्याची साखळी तोडणारे धैर्य होय.