सीमोल्लंघन, लो गिअरमध्ये

गेल्या रविवारी बाबांना फोनवर सांगितलं, की ऑगस्टमध्ये जीप घेऊन रुबिकॉन ट्रेलला जायचं चाललंय. बाबांची अख्खी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. रस्ता म्हटलं की त्यांचे प्रश्न ठरलेले.

"लांबी किती?"

"एकूण बावीस मैल. त्यातले बारा-एक मैल खरे अवघड."

"आणि वेळ?"

"दोन दिवस."

पलीकडे शांतता. मग, "अरे, म्हणजे चालत गेलास तर लवकर पोचशील! एवढा खराब आहे तर दुरुस्त का करत नाहीत? कोणाच्या ताब्यात आहे तो रस्ता?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. खराब आहे म्हणूनच तर लोक तिथे जातात! दुसऱ्याचं येत नव्हतं. टायर, विंच, टो स्ट्रॅप अशी सामानाची भलीमोठी यादी करून ठेवली होती, पण ज्या रस्त्यावर जायचं तो कोणाचा, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मग आठवडाभर ऑफिसातून आल्यावर तेच वाचत बसलो. हा लेख म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर.

आधी भूगोल. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या पूर्वेला सिएरा नेवाडाची रांग आहे आणि तिच्या माथ्यापलीकडे लेक टाहो. पश्चिमेकडचं जॉर्जटाउन गाव आणि हा तलाव यांच्यामध्ये ही वाट. लून लेकच्या धरणापासून निघायचं, ग्रॅनाइटच्या धोंड्यांवरून रुबिकॉन नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि कॅडिलॅक हिल चढून टाहोमाला बाहेर पडायचं.

नदीचं नाव इटलीतल्या रुबिकॉनवरून घेतलेलं. इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझर सैन्य घेऊन ती ओलांडून आला. सेनापतीने सैन्यासह ती ओलांडायची नाही असा रोमचा कायदा, त्यामुळे एकदा पलीकडे पाऊल पडलं की माघार नाही. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करतात, पण आपला माणूस आपट्याची पानं घेऊन संध्याकाळी घरी परत येतो. सीझरच्या सीमोल्लंघनात परतीची सोय नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या वाटेवर पहिली पावलं अर्थातच गोऱ्यांची नव्हेत. लेक टाहोच्या परिसरात वाशो लोक उन्हाळा काढत. टाहो हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतल्या तलाव या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. पश्चिमेच्या उतारावर मिवोक आणि निसेनान लोकांची वस्ती. या लोकांची देवाणघेवाण डोंगर ओलांडूनच होई. आपल्या घाटवाटांसारखंच हे. पुण्याहून नाणेघाटाला जाताना आपण ट्रेकला निघालेलो असतो, पण ती वाट व्यापाऱ्यांच्या पायांनी पडलेली असते.

पुढे हन्सकर नावाचे दोन भाऊ खोऱ्यातल्या झऱ्यांपाशी राहिले. त्या खनिज पाण्याच्या बाटल्या भरून ते विकत. १८८६ मध्ये ही जागा एका बाईने विकत घेतली. बाईचं नाव सिएरा नेवाडा फिलिप्स! आईबापांनी पोरीला चक्क पर्वतरांगेचं नाव ठेवलेलं. लोक तिला 'व्हेड' म्हणत. तिने या आडरानात हॉटेल बांधलं आणि टाहोच्या बाजूने पाहुणे घोडागाडीने तिथे येऊ लागले. आज जिथे चौतीस इंची टायर अडकतात, तिथे तेव्हा टोप्या घातलेल्या बायका घोडागाडीत बसून आल्या असतील, ही कल्पनाच मला सॉलिड वाटते.

आणि इथे बाबांना हवा असलेला कागद सापडला. १८८७ मध्ये एल डोराडो काउंटीने हा सार्वजनिक रस्ता असल्याचं जाहीर केलं. मधली झऱ्यांची जागा खासगी, आजूबाजूचं बरंचसं जंगल सरकारी, पण वाट सगळ्यांची. बाबांच्या भाषेत, रस्ता रजिस्टरला नोंदला गेला.

नंतर मात्र दिवस पालटले. मोटारींसाठी दुसरीकडून चांगले रस्ते झाले. हॉटेल बंद पडलं, हळूहळू नाहीसं झालं. रस्त्यावरची माती बर्फाने आणि पाण्याने वाहून नेली, मागे उरले ते धोंडे. कॅडिलॅक हिलचं नावसुद्धा चढाखाली मोडून पडलेल्या एका जुन्या कॅडिलॅकवरून पडलंय म्हणतात.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि जीप आली. इंजिन जेमतेम ६० अश्वशक्तीचं, पण चारही चाकांना ताकद आणि जोडीला लो रेंजचा गिअर. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये विलीज कंपनीने हीच जीप शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली. तिचीच भावंडं पुढे मुंबईत महिंद्राकडे जुळवली जाऊ लागली आणि खात्याखात्यांतून धावली. म्हणजे बाबा ज्या खडखडाट जीपमधून साइटवर जायचे ती आणि माझी सेकंडहँड रँग्लर या एकाच घराण्यातल्या.

जॉर्जटाउन हे सोन्याच्या शोधात आलेल्यांनी वसवलेलं गाव. सोनं संपलं तशी रयाही गेली. गावात चार पैसे यावेत म्हणून १९५२ मध्ये काही गावकऱ्यांनी एक योजना आखली: या मोडक्या वाटेवरून जीपची सहल काढायची. त्यांच्यात मार्क स्मिथ होता. २९ ऑगस्ट १९५३ ला पहिली 'जीपर्स जांबोरी' निघाली, ५५ जीप आणि १५५ माणसं. खराब रस्ता हेच गावाचं भांडवल झालं! हाच मार्क स्मिथ १९७८-७९ मध्ये पाच जीप घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून अलास्कापर्यंत गेला. वाटेत पनामाजवळचं डॅरिएनचं जंगल ओलांडायलाच त्यांना महिना लागला.

पुढे कंपनीने २००३ च्या मॉडेलपासून रँग्लरची 'रुबिकॉन' नावाची आवृत्तीच काढली. साध्या डिफरन्शियलची गंमत अशी की एक चाक हवेत गेलं तर ताकद त्याच चाकात वाया जाते आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. या गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर आहेत, ते दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावतात. लो रेंज ४:१, म्हणजे वेग चौथाई, जोर चौपट. माझ्या रँग्लरवर ही पाटी नाही, लॉकर तर नाहीतच. मे महिन्यात जवळच्या एका ऑफ-रोड पार्कात एका फालतू दगडावर ती पोटावर बसली. दोन चाकं हवेत, मी स्टिअरिंग धरून. शेवटी एका आजोबांनी ओढून काढलं आणि विचारलं, "एकटाच आलास?" तो प्रश्न अजून टोचतो.

पण खरी ठेच पुढे लागली. वाट सगळ्यांची म्हणून सगळे आले, आणि देखभालीला कोणी नाही. आमच्या टीमकडे असाच एक जुना कोड आहे. लिहिणारा कधीच सोडून गेला, वापरतात सगळे, मालक कोणीच नाही. स्पायडर लेकपाशी माणसांची इतकी घाण साठली की २००४ मध्ये काउंटीने तिथे मुक्कामाला बंदी घातली. २००९ मध्ये राज्याच्या पाणी-नियंत्रण मंडळाने काउंटीला आणि वन विभागाला साफसफाईचा आदेश काढला. माती वाहून ओढ्यात जाते, गाड्यांचं तेल गळतं, शौचालयांची सोय नाही. वाट बंद होते की काय अशी वेळ आली.

ती वाचवली ती जाणाऱ्यांनीच. 'फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉन'सारखे गट उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी येऊन लोकांनी पाण्याला चर काढून दिले, कचरा उचलला. आता तिथे जाणाऱ्याने सांडलेलं तेल टिपायचं सामान आणि स्वतःची विष्ठा परत आणायच्या पिशव्या सोबत न्यायच्या असतात. हसू नका, पण माझ्या यादीत ही ओळ नव्हती. विंच होता, एलईडी दिवे होते, पिशव्या नव्हत्या.

म्हणून बेत बदललाय. ऑगस्टमध्ये गाडी न्यायची नाही. आधी स्वयंसेवकांच्या कामाच्या दिवशी जायचं, दगड उचलायचे, वाट पायी बघायची, जमलं तर एखाद्या जाणत्या माणसाच्या शेजारी बसून यायचं. लॉकर आणि सोबतीला दोन गाड्या जमल्या तर माझी जीप पुढच्या वर्षी. सीझरला परत यायचं नव्हतं, म्हणून मागे काय राहिलं याची फिकीर नव्हती. आपलं सीमोल्लंघन दसऱ्याचं. परत यायचं, आणि रिकाम्या हाताने नाही. आपट्याच्या पानांऐवजी हाती पिशवी असेल, इतकंच!

काल बाबांना हे सगळं सांगितलं. १८८७ च्या नोंदीवर ते खूश झाले.

"मग बरोबर आहे," म्हणाले. "सार्वजनिक रस्ता आहे, तर काम आपलंच. पण काय रे, फावडं धरता येतं का तुला?"