अंश, कला, विकला आणि दख्खनची मोजणी

कोनांची बेरीज करताना साठ विकलांची एक कला व साठ कलांचा एक अंश हातचा धरावा, हे आपण वर्गात शिकतो. ही साठीची पद्धत बाबिलोनच्या ज्योतिर्विदांची. ती ग्रीकांनी उचलली, भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त वापरली. अरबी विद्वानांनी तिला दर्जा, दकीका, सानिया अशी नावे दिली व तीच उर्दूत आली. ‘दकीका’ म्हणजे बारीक, ‘सानिया’ म्हणजे दुसरी. मिनिट व सेकंद यांचा मूळ अर्थही हाच.

या बेरजेची कसोटी आपल्या शेजारीच लागली. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने त्रिकोणांची महान मोजणी सुरू केली. १८१५ मध्ये बीदरजवळ पायारेषा साखळीने मोजली गेली. तेथून पुढे उत्तरेकडे जाताना मुख्यतः कोनच मोजावयाचे होते. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारला.

प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजून त्यांची बेरीज पाहत. समजा, कोन ५९°४७′३८″, ६३°२५′४७″ व ५६°४६′३६″ आहेत. विकला १२१, म्हणजे १ विकला व हातच्या २ कला. कला ११८ अधिक २, म्हणजे १२०. हातचे २ अंश. अंश १७८ अधिक २, म्हणजे १८०. उत्तर १८०°०′१″. एक विकला जास्त आली म्हणून मोजणी चुकली असे नव्हे. पृथ्वी गोल असल्याने सुमारे १९७ चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात एवढी वाढ यावयासच हवी. हातचा विसरला, तर मात्र चूक कोणती व पृथ्वीची गोलाई कोणती, हे कळणारच नाही.

एवढ्या सूक्ष्म कोनांसाठी यंत्रेही तितकीच अचूक लागत. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे कुशल कारागीर जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली ती दुरुस्त करीत. पूर्वी हेन्री बॅरो या इंग्रजाकडे असलेले सरकारी गणिती यंत्रकाराचे पद १८४३ मध्ये त्यांना मिळाले. हातातल्या कसबानेच त्यांना तेथे पोचविले.

घरी एक उदाहरण सोडवा. लातूरचे अक्षांश सुमारे १८°२४′. त्यात ४५′ मिळवा. ६९ कलांतून एक अंश हातचा गेला की १९°९′ येतात, ते नांदेडचे. पालकांनीही मुलांजवळ बसून हा हातचा तपासावा. उत्तराइतकाच ताळा महत्त्वाचा, ही सवय लहानपणीच लागते.